चोचीला चालेल असं घर

रांगतं मूल घरात असलं की आपल्या बायकांची नजर आपोआप जमिनीवर फिरते. पडलेलं बटण, एखादा खिळा, भिंतीचा पोपडा... जे दिसेल ते बाळ तोंडात घालणार, हे आपण धरूनच चालतो. पोपटाच्या जातीचे पक्षी पाळायचे असतील तर हीच नजर ठेवावी लागते, आणि तीसुद्धा कायमची! पोपट चोचीने चढतो, चोचीने खेळतो आणि समोरची वस्तू काय आहे, हेही चोचीनेच चाचपून बघतो. त्याच्या दृष्टीने पिंजरा नुसतं घर नाही, खाऊसुद्धा आहे.

मी या विषयात शिरले ती आमच्या महिला मंडळामुळे. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात आम्ही मैत्रिणी नेमाने जातो. तिथल्या आज्यांनी एकदा हट्टच धरला, "अंगणात पाखरं पाहिजेत." एका देणगीदारांनी खर्च द्यायचं कबूल केलं आणि माणूस आत शिरू शकेल असा मोठा पिंजरा बांधायचं ठरलं.

आज्यांच्या डोळ्यांपुढे होता आपला हिरवा मिठू. पण आपले देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ते झाडावरच शोभतात, हे आज्यांनाही पटलं. मग बजरीगर आणि कॉकाटील घ्यायचं ठरलं. दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातले. बाजारात आपण ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड्स' म्हणतो, ते बहुतेक वेळा हे बजरीगरच असतात. इतर अनेक परदेशी पोपटांची मात्र २०२४ च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते. घेण्याआधी वनखात्यात चौकशी केलेली बरी.

खरी वादावादी झाली ती जाळीवरून. फॅब्रिकेटरने नेहमीची जीआय जाळी सुचवली. लोखंड गंजू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. नव्या जाळीवर या जस्ताचे थेंब, कुसळं आणि पांढरी भुकटी राहिलेली असते. पक्षी ती कुरतडतात, जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते. हिला पक्षी पाळणारे 'न्यू वायर डिसीज' म्हणतात. पाखरू मलूल होतं, पिसं फुगवून बसतं, उलट्या करतं, हिरवट पातळ शिटतं. बऱ्याचदा "थंडी बाधली असेल" म्हणून आपण सोडून देतो आणि दोन दिवसांत ते जातं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हौसेने नवाकोरा पिंजरा करून घेतला होता. पंधरा दिवसांत त्यांची पाच पाखरं गेली. पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जाळी नवी आहे का?"

सगळ्यात चांगली जाळी स्टेनलेस स्टीलची. पण किंमत ऐकून बैठकीत एक गृहस्थ म्हणालेच, "पाखरांना कशाला हवंय स्टील?" मी म्हटलं, "आपण जेवायला स्टीलचं ताट घेतो ना? मग ज्याला पाखरं रोज तोंड लावणार, ते स्टीलचं नको?" शेवटी तोडगा निघाला. तीस जोड्यांचा बेत सोडून आठच जोड्या घ्यायच्या. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेची बाजू विटांनी बांधायची. पाऊसही अडला आणि तेवढी जाळीही वाचली! स्टील घेताना लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका. हलक्या प्रतीचं काही स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. बिलावर '३०४' लिहून घ्या. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी '३१६' घ्यावं, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं.

स्टील परवडतच नसेल तर जीआय जाळी व्हिनेगर आणि ताठ ब्रशने खसखसून घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि महिना-दोन महिने उन्हापावसात तशीच ठेवा. पाखरं त्यानंतरच सोडायची. यानेही धोका कमी होतो, संपत नाही. जाळीचं भोक अर्ध्या इंचाहून मोठं नको, नाहीतर घुशी-उंदीर आणि सापांना आयतं दार मिळतं. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी तर नकोच.

रंगाचं दुखणं वेगळं. आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असायला बंदी आहे. पण माळ्यावरचा जुना डबा त्याआधीचा असू शकतो आणि कारखान्यांत वापरतात त्या रंगांना हा नियम नाही. त्यामुळे "उरलाय तर मारून टाकू" हा काटकसरीचा विचार इथे नको. आम्ही सांगाडाही स्टीलचाच केला आणि आतून रंग लावलाच नाही.

लाकडाचंही तसंच. वाळवीचं औषध मारलेली फळी, डांबर फासलेला वासा, डिंकाने चिकटवलेलं प्लायवूड हे सगळं वर्ज्य. बसायला पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या उत्तम. मात्र झाडावर कीटकनाशक मारलेलं नसावं आणि फांद्या स्वच्छ धुऊन वाळवून घ्याव्यात. काही जाड, काही बारीक ठेवल्या की पायांना आराम मिळतो. कण्हेर मात्र पिंजऱ्याजवळसुद्धा नको, ती विषारी. ॲव्होकॅडोचं फळ, पान, फांदी, सगळंच पक्ष्यांना घातक.

छपराला नुसता पत्रा घातला तर एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होते. आम्ही अर्ध्या भागावर पत्रा घालून त्यावर नारळाच्या झावळ्या टाकल्या. उरलेल्या भागावर जाळी ठेवली, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. हिरवं शेडनेट लावायचंच तर पाखरांची चोच पोचणार नाही इतकं दूर, बाहेरून लावा. त्याचे धागे नखांत अडकतात. सुटणाऱ्या नायलॉन दोरीचंही तेच. खाली सिमेंटची उताराची जमीन केली आणि जाळी कडेने दीड फूट जमिनीत पुरली, म्हणजे घुशी-मुंगसांना पोखरता येत नाही. दारं एकामागे एक अशी दोन. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

एका आजींनी पाखरांसाठी जपून ठेवलेली घुंगरं आणली होती. त्यांना नको म्हणताना जीव तुटला. पण घुंगराच्या फटीत पाखराचं बोट अडकतं आणि स्वस्त धातूत शिसं असू शकतं. हे समजावल्यावर आजी क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, मग कणसं चालतील ना?" आता त्या दर आठवड्याला ज्वारीची कोवळी कणसं धुऊन टांगतात आणि दाणापाण्याच्या स्टीलच्या वाट्या स्वतः घासतात.

मैत्रिणींनो, पिंजऱ्याचा खर्च ऐकून कुणी भुवया उंचावल्या तर पाखरं कमी घ्या, पण जाळीत आणि रंगात काटकसर करू नका. उडून दुसरं घर शोधायची मुभा आपण त्यांना ठेवलेली नाही, निदान दिलेलं घर तरी निर्विष असू द्या.