भरोसा देवावर, हात कामावर

रमजानमध्ये रोजेदार पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी घेत नाही. ख्रिस्ती समाजात ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. अलीकडच्या वर्षांत हे दोन्ही काळ जवळजवळ येत आहेत. दोन्हींच्या मुळाशी एकच शिकवण आहे: इच्छेला लगाम घाला आणि रोजी देणाऱ्यावर भरोसा ठेवा. इस्लाममध्ये या भरोशाला ‘तवक्कुल’ म्हणतात. पण भरोसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे का?

याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडते. लातूरहून पुण्याला जाणारी रेल्वे दौंड सोडल्यावर केडगावावरून जाते. तिथेच त्यांचे ‘मुक्ती सदन’ आहे.

रमाबाईंनी भूक स्वतः सोसली होती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे संस्कृतच्या विद्वत्तेमुळे कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे किताब मिळाले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये पुण्यात या संस्थेविरुद्ध वादळ उठले. तरी बाईंचे काम थांबले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. शारदा सदनामागे अमेरिकेतल्या मंडळाची दहा वर्षांची हमी होती. या नव्या पसाऱ्याला तशी हमी नव्हती. इंग्लंडमध्ये हजारो अनाथांना सांभाळणारे जॉर्ज म्युलर लोकांपुढे हात न पसरता प्रार्थनेवर विसंबत. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि त्याच वाटेने जायचे ठरवले होते. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीत जवळपास दोन हजार जणी होत्या.

मात्र प्रार्थना करून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली, गाईम्हशी पाळल्या. विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू केला आणि मुलींच्या हाताला काम दिले. स्वतः साध्या पांढऱ्या साडीत राहिल्या. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात त्या गुंतल्या होत्या.

एकाने पैगंबर साहेबांना विचारले, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का? आधी उंट बांध, मग भरोसा ठेव, असे उत्तर मिळाले. येशूंनी आकाशातल्या पाखरांचा दाखला दिला. हदीसमध्येही पाखरे येतात, ती सकाळी उपाशीपोटी निघतात आणि सांजेला पोट भरून परततात. म्हणजे घरट्याबाहेर पडावे तर लागतेच.

मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातुरात आली, तेव्हा कित्येकांच्या ओठी दुआ होती. पण विहिरी, तलाव आणि पाण्याची काटकसर हे आपले काम आहे, तेही त्या उन्हाळ्याने शिकवले.

दिवसभर सोडलेले जेवण इफ्तारच्या दस्तरखानावर दुप्पट होऊन आले, तर रोज्याने आपल्याला काय शिकवले? नांदेड असो वा लातूर, शेजारच्या घरी चूल पेटली आहे का, हे पाहणे त्याच इबादतीचा भाग आहे. देणारा देतो, पण अनेकदा ते दुसऱ्याच्या वाट्याचे असते आणि आपल्या हातून पोहोचायचे असते.