आर्मेनियन ऑपेरा: कुठून सुरुवात करावी?

ऑपेरा म्हटलं की आपण इटलीला जातो, फार तर जर्मनीला. आज जरा आर्मेनियाकडे वळू या. गंमत म्हणजे पहिला आर्मेनियन ऑपेरा आर्मेनियात नाही, इस्तंबूलमध्ये जन्मला. मिलानला शिकून आलेल्या तिग्रान चुखाज्यानने 1868 मध्ये ‘अर्शाक दुसरा’ रचला. चौथ्या शतकातल्या आर्मेनियन राजाची गोष्ट, पण सुरावट पक्की इटालियन! चुखाज्यानच्या हयातीत हा ऑपेरा पूर्ण रंगमंचावर आलाच नाही. 1945 मध्ये येरेवानला झाला तोही कथानक बदलून: मुळातला जुलमी राजा सोव्हिएत काळात देशभक्त नायक झाला. मूळ रूपातला प्रयोग थेट 2001 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. चुखाज्यानला लोकप्रियता दिली ती एका फुटाणेवाल्यावरच्या तुर्की ऑपेरेटाने.

माझा जीव मात्र ‘अनुश’मध्ये अडकलाय. होव्हान्नेस तुमान्यानच्या काव्यावर आर्मेन तिग्रान्यानने तो रचला. पहिला प्रयोग 1912, अलेक्झांद्रोपोल, म्हणजे आजचं ग्युमरी. लग्नाच्या मांडवातल्या कुस्तीत मित्राला सर्वांसमक्ष पाडायचं नाही, हा गावचा रिवाज. सारो प्रेयसी अनुशसमोर तो मोडतो. हरलेला मोसी तिचाच भाऊ! पुढे सूड, खून आणि अनुशचं वेड. संगीत लोकगीतांच्या अंगाने जातं, त्यामुळे भाषा न कळताही पकडतं.

स्पेंदियारोवचा ‘अल्मास्त’ही तुमान्यानच्याच काव्यावर. तो अपुरा ठेवून संगीतकार 1928 मध्ये गेला. इतरांनी पूर्ण केलेल्या याच ऑपेराने 1933 मध्ये येरेवानच्या ऑपेरागृहाचा पडदा उघडला.

नवख्यांनी ‘अनुश’पासूनच सुरुवात करा. ‘अर्शाक’ नंतर.