कड्यावरची घरटी

सह्याद्रीचे उंच कडे तुम्ही प्रत्यक्ष किंवा चित्रात पाहिले असतील. त्या उभ्या काळ्या खडकावर माणसाला पाय ठेवायला जागा नसते. परंतु काही पक्षी तेथेच आपला संसार थाटतात.

सह्याद्री लाव्हारसाच्या थरांपासून बनला आहे. हे थर एकावर एक आडवे पसरलेले आहेत. त्यांतील मऊ थर ऊनपावसाने लवकर झिजतात, कठीण थर मात्र टिकून राहतात. त्यामुळे कड्यावर कपारी तयार होतात. तेथे साप, मुंगूस, रानमांजर सहसा पोहोचू शकत नाहीत. म्हणून अंडी घालण्यासाठी ही जागा सुरक्षित असते.

कपारीत राहणाऱ्या एका पक्ष्याचे नाव तुमच्या चांगल्या परिचयाचे आहे. तो म्हणजे शाहीन! हा ससाणा घरटे बांधत नाही. कपारीतच अंडी घालतो. उडत्या भक्ष्यावर तो वरून वेगाने झेप घेतो. पाकोळ्या मात्र पिसे आणि गवत लाळेने चिकटवून खडकाच्या भेगांत घरटी करतात.

याच कड्यांवर लांब चोचीचे गिधाड राहते. त्याच्या पंखांचा विस्तार दोन मीटरांहून अधिक असतो. खडकावर विष्ठेचे पांढरे पट्टे दिसले, की तेथे गिधाडांची वस्ती असावी, असे जाणकार ओळखतात. गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते. नर आणि मादी दोघेही ते उबवतात व पिलाला भरवतात. एक अंडे फुटले, तर त्या जोडीचे सारे वर्ष वाया जाते.

गिधाडे मेलेली जनावरे खातात. त्यामुळे परिसर स्वच्छ राहतो आणि दुर्गंधी पसरत नाही. असा उपयोगी पक्षी १९९० नंतर झपाट्याने कमी झाला. १९९२ ते २००७ या काळात भारतातील लांब चोचीची गिधाडे सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. कडे तर जागेवरच होते. मग गिधाडे का मेली?

याचे उत्तर कड्यावर नव्हते. ते खाली गावातल्या गोठ्यात होते. आजारी गुरांना वेदना कमी करण्यासाठी डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत असत. औषध दिलेले जनावर लवकरच मेले, तर त्याच्या मांसात ते औषध शिल्लक राही. ते मांस खाल्ल्यावर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. पाकिस्तानात संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हे कारण २००४ साली जगापुढे मांडले. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना उपयोगी पडते आणि गिधाडांना अपाय करत नाही. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांच्या गुरांसाठी वापरावरही बंदी आली.

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. २०१७ साली शासनाने अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले. परंतु केवळ कायद्याने पक्षी वाचत नाहीत. घरट्याजवळ आरडाओरडा झाला, फटाके वाजले किंवा ड्रोन उडाले, की पक्षी घाबरून उडतात. उघडे पडलेले अंडे थंड होते किंवा कावळे ते पळवतात. डोंगरावर वणवा लागला, तर धूर कपारीत शिरतो.

गिधाडे साधारणपणे हिवाळ्यात अंडी घालतात. नेमक्या याच दिवसांत आपण सहलीला जातो. तुम्ही डोंगरावर गेलात, तर घरट्यांपासून दूर राहा. दुर्बिणीतून शांतपणे पाहा. तुमच्या घरी गुरे असतील, तर पशुवैद्याला विचारूनच औषध द्या आणि ते गिधाडांना घातक नाही ना, हेही विचारा.

कड्यावर चढून कोणाला घरट्याची राखण करता येत नाही. मित्रांनो, ती राखण पायथ्याशी राहूनच करावी लागते.