नुकसान भरून द्यावे, फुगवलेले बिल नव्हे

काम करणाऱ्याच्या हातूनच चूक होते. सुतार कपाट चढवतो आणि लिफ्टचा दरवाजा खरवडला जातो. प्लंबरचे ड्रिल भिंतीतल्या पाइपला लागते आणि खालच्या घराचे छत ओले होते. टेम्पो मागे घेताना उभ्या मोटारीला धक्का लागतो. बोरीवलीच्या सोसायट्यांमध्ये फर्निचर, रंगकाम, काचकाम व एसी दुरुस्तीची कामे करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांवर असा प्रसंग केव्हाही येऊ शकतो. नुकसान झाले तर ते भरून देणे हे आपले कर्तव्यच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण दोन दिवसांनी हातात पडणारे बिल नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे असेल, तर काय करावे? काहीजण भीतीपोटी सगळे पैसे देऊन मोकळे होतात, काहीजण भांडून काम आणि नाव दोन्ही घालवतात. आमच्या मते हे दोन्ही मार्ग तोट्याचे आहेत.

देणे कशाचे लागते?

कायद्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. ज्याचे नुकसान झाले, त्याला नुकसानीपूर्वीच्या स्थितीत आणून ठेवायचे. त्याहून कमी नाही आणि त्याहून जास्तही नाही. भरपाई ही कमाई नव्हे. शिवाय नुकसान किती झाले हे मागणाऱ्याने दाखवायचे असते.

या बाबतीत मौला बख्श यांचा खटला व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९४७ साली त्यांनी लष्कराला बटाटे, तसेच कोंबड्या, अंडी व मासे पुरवण्याचे कंत्राट घेतले आणि दोन्ही मिळून १८,५०० रुपये अनामत भरली. पुरवठा वेळेवर झाला नाही, म्हणून सरकारने सगळी अनामत जप्त केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली न्यायालयाने सांगितले की, नुकसान पैशात मोजता येत असेल तर ते सिद्ध करावे लागेल, नुसती रक्कम ठेवून घेता येणार नाही. हा खटला करारभंगाचा होता, अपघाताचा नव्हता. तरीही गाळ्याची अनामत किंवा मजुरीचे बिल अडवून ठेवणाऱ्यासमोर मांडण्यासारखे हे तत्त्व आहे.

बिल कसे तपासावे?

एक उदाहरण घेऊ. समजा, प्लायवूड वर नेताना लिफ्टसमोरच्या ग्रॅनाइटची एक लादी फुटली. सोसायटीने ३८,००० रुपयांचा कागद दिला : संपूर्ण लॉबीचे ग्रॅनाइट २६,०००, मजुरी ७,००० आणि दंड ५,०००. यात तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : फुटले किती आणि बदलले किती? एक लादी फुटली असेल तर एका लादीचा, ती बसवण्याचा व पॉलिशचा खर्च देणे योग्य. मात्र त्या रंगाची लादी बाजारात खरोखरच मिळत नसेल, तर सोसायटीच्या म्हणण्यात तथ्य आहे हेही मान्य करावे. अशा वेळी आसपासच्या चार लाद्या बदलून मेळ बसवणे असा मधला मार्ग निघू शकतो.

दुसरा प्रश्न : जुन्याच्या जागी नवे येते आहे का? पंधरा वर्षे वापरलेल्या वस्तूऐवजी कोरी वस्तू मिळाली तर मालकाचा फायदा होतो, तो हिशोबात धरण्याची विनंती करता येते. मोटारींच्या विम्यात असा घसारा ठरलेला असतो. प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर ४० टक्के. हे कोष्टक विमा कंपनी व तिच्या ग्राहकामधले आहे, ते इतरांवर बंधनकारक नाही. तरी बोलणी करताना आधार म्हणून ते उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न : दंड कोणत्या अधिकाराने? सोसायटीचे उपविधी तिच्या सभासदांसाठी असतात. बाहेरून आलेल्या कारागिराने कामाच्या करारात दंड मान्य केला नसेल, तर त्याच्याकडे भरपाई मागता येते, दंड नव्हे.

कराचीही नोंद पाहावी. बिलात जीएसटी लावला असेल तर दुरुस्ती करणाऱ्याचा पंधरा अक्षरांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो आणि तो खरा आहे की नाही हे सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. नुकसान झालेला स्वतः नोंदणीकृत व्यापारी असेल आणि त्या कराची वजावट त्याला मिळणार असेल, तर तोच कर तुमच्याकडून घेणे म्हणजे दोनदा वसूल करणे होय.

पहिल्या दिवशी काय करावे?

नुकसान झाल्याबरोबर जवळून व लांबून फोटो काढावेत. आधीच्या भेगा व डागही टिपून ठेवावेत. मालकाला स्वतः जाऊन सांगावे, लपवाछपवी करू नये. प्रामाणिकपणामुळे निम्मे भांडण तिथेच मिटते. पण 'जो खर्च येईल तो सगळा देईन' असे लिहून मात्र देऊ नये. 'अमुक वस्तूला नुकसान झाले आहे, योग्य दुरुस्तीखर्चाची चर्चा करण्यास तयार आहे' एवढेच लिहावे. दुरुस्ती सुरू होण्यापूर्वी आपल्या मिस्त्रीला पाहू देण्याची मागणी करावी आणि दोन ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रके घ्यावीत.

वरच्या उदाहरणात दोन ग्रॅनाइटवाल्यांचे अंदाज ६,५०० व ७,२०० आले असे समजू. मग सोसायटीला पत्र द्यावे : आपल्या बिलातील प्रत्येक बाबीचा तपशील व खरेदीची पावती द्यावी, सोबत दोन अंदाजपत्रके जोडली आहेत, आमच्या हक्कास बाधा न येता ७,२०० रुपये देण्यास किंवा काम स्वतः करून देण्यास तयार आहोत. पत्राची पोच घ्यावी. पैसे चेकने किंवा बँकेमार्फत द्यावेत आणि 'या नुकसानीपोटी पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशी पावती घेतल्याशिवाय देऊ नयेत.

धमकी आणि अडवणूक

'पोलिसांत देतो' या शब्दांनी कारागीर घाबरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ प्रमाणे मालमत्तेची आगळीक हा गुन्हा ठरण्यास हेतू किंवा जाणीव लागते. लादी चुकून फुटली तर तो दिवाणी वाद आहे. रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याची गोष्ट मात्र वेगळी. भरपाईसाठी हत्यारे किंवा मशीन अडवून ठेवली असतील तर बळजबरीने उचलून आणू नयेत. यादी करून लेखी मागणी करावी, त्यानंतर पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा.

टेम्पोवाल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. तुमच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते. तरीही कित्येकजण खिशातून पैसे देतात. विमा कंपनीला विचारल्याशिवाय दोष कबूल करू नये वा रक्कम ठरवू नये अशी अट पॉलिसीत असते, म्हणून आधी कंपनीला कळवावे.

तडजोड कुठे करावी?

बोलणी फिसकटली तर मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत नेता येते. तिथे कोर्ट फी लागत नाही. दोघांच्या संमतीने झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम नीट वाचावी. तडजोड झाली नाही, तर समोरच्याला दावा करण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. तोवर फोटो, पत्रे व पावत्या जपून ठेवाव्यात.

कारागिराचे भांडवल म्हणजे त्याचे नाव. झालेले नुकसान ताबडतोब मान्य करणारा आणि न झालेल्या नुकसानीचा हिशोब शांतपणे मागणारा माणूस त्या इमारतीत पुन्हा कामाला बोलावला जातो. दोन अंदाजपत्रके मिळवायला एक दिवस मोडेल, पण उदाहरणातल्या सुताराचे त्यात तीस हजार रुपये वाचतात. तेवढा एक दिवस प्रत्येकाने अवश्य द्यावा.