आगाऊ कराचे हप्ते आणि विलंबाचे व्याज

करपात्र उत्पन्न कसे ठरते, हे आपण मागील घटकात पाहिले. त्यावरील कर केव्हा भरावयाचा, हा प्रश्न आता विचारात घेऊ. पगारदाराचा कर पगारातूनच कापला जातो. व्यावसायिकाला मात्र तो वर्ष संपण्यापूर्वीच, अंदाजाने, स्वतः भरावा लागतो. ही पद्धत भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली आली. टीडीएस वजा जाता देय कर १०,००० रुपये वा त्याहून अधिक असल्यास १५ जूनपर्यंत त्याचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण रक्कम भरावयाची असते.

विजयदुर्गचे उदाहरण घ्या. तेथे एकाच घराची हापूसची बाग आणि पर्यटकांसाठीच्या खोल्या असू शकतात. स्वतःच्या बागेतील आंब्याचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त आहे (इतर उत्पन्नावरील दर ठरविताना मात्र ते कधी कधी मोजले जाते). परंतु दुसऱ्याच्या झाडावरचे फळ विकत घेऊन जो पेट्या मुंबईला पाठवितो, त्याचा नफा व्यापाराचा ठरतो. हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खोल्यांचे उत्पन्नही करपात्रच. दिवाळी आणि नाताळची गर्दी अजून दूर असताना जूनमध्येच वर्षाचा अंदाज बांधणे सोपे नाही. म्हणूनच पहिल्या हप्त्यापर्यंत १२ आणि दुसऱ्यापर्यंत ३६ टक्के भरले असले, तरी त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही.

समजा, अशा व्यावसायिकाचा देय कर ४०,००० रुपये आहे आणि त्याने एकही हप्ता भरला नाही. पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर दरमहा १ टक्का दराने प्रत्येकी तीन महिन्यांचे व्याज म्हणजे १८०, ५४० आणि ९०० रुपये. शेवटच्या हप्त्यावर एका महिन्याचे ४००. एकूण २,०२० रुपये. शिवाय १ एप्रिलपासून दरमहा ४०० रुपयांचे वेगळे व्याज सुरू होते आणि महिन्याचा अंशही पूर्ण महिना धरला जातो. जुलैमध्ये कर भरल्यास हे १,६०० होतात; म्हणजे एकंदर भुर्दंड ३,६२० रुपयांचा.

गृहीत उत्पन्नाच्या योजनेत येणाऱ्या लहान व्यावसायिकाला चार हप्त्यांऐवजी १५ मार्चपर्यंत एकरकमी भरणा पुरतो. हंगामी धंद्याला हीच सोय अधिक मानवते, असे वाटते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील निवासी व्यक्तींना आगाऊ कर लागू नाही.