चक्रं मोजता मोजता

भारताच्या पासपोर्टची कोरी पुस्तिका नाशिक रोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होते. शेजारीच करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापतात. कुणालाही नक्कल करता येऊ नये अशी छपाई करणं, हे इथलं पिढ्यान् पिढ्यांचं काम!

पण ती कोरी पुस्तिका तुमची कशी होते? पासपोर्ट सेवा केंद्रात चेहऱ्याचा फोटो निघतो आणि मग सांगतात, "बोटं काचेवर ठेवा." त्या क्षणी तुमच्या हाताचाही फोटो निघत असतो. असल्या बऱ्याच यंत्रांत काचेखाली प्रकाश आणि कॅमेरा असतो. बोटावरचे उंचवटे जिथे काचेला टेकतात तिथून प्रकाश निसटतो आणि मधल्या खाचांत हवा असते तिथून तो उलटा फिरतो. म्हणून उंचवटे काळे दिसतात, खाचा उजळ. ना शाई, ना डाग!

आता मोबाइलने तर्जनीच्या टोकाचा जवळून फोटो काढा आणि मोठा करत न्या. एक रेघ चालता चालता दुभंगते. शेजारची अचानक संपते. उंचवट्यांच्या माथ्यावर बारीक छिद्रं दिसतात, ती घामाची. रेघांचे हे फाटे आणि ही टोकं जशी या बोटावर आहेत, तशी तुमच्याच दुसऱ्या बोटावरही नाहीत.

ही नक्षी छापली कुणी आणि कधी? आईच्या पोटात, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तेव्हा बोटांच्या टोकांवर छोटे फुगवटे असतात. त्यांवर तीन ठिकाणांहून रेघा उठू लागतात: फुगवट्याच्या मधून, नखाच्या बाजूने आणि पेराच्या घडीपासून. तळ्यात तीन जागी खडे टाकावेत आणि तरंग एकमेकांना भिडावेत, तसं काहीसं. रेघा कुठे भेटतात त्यावर चक्र होणार की शंख, ते ठरतं. पेशींमधले काही रेणू 'इथे रेघ उठू दे' म्हणतात, काही 'इथे नको' म्हणून अडवतात. या चढाओढीचं गणित ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं. बोटांवर तेच चालतं, हे २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. फुगवट्याचा आकार, वाढीचा वेग, गर्भातली हालचाल यांत जरासा फरक पडला की तपशील बदलतो. म्हणूनच एकाच फलित बीजातून जन्मलेल्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात!

लहानपणी आपण सगळ्यांनी बोटांवरची चक्रं मोजली आहेत. त्या खेळात केवढं गणित दडलंय पाहा. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारा: चक्र आहे की नाही? दहा बोटांच्या उत्तरांचे प्रकार किती होतात? बरोबर १०२४! याच हिशेबावर अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी ठशांचे कागद कप्प्यांत लावायची पद्धत बसवली. जगातल्या अगदी पहिल्या ठसे कार्यालयांपैकी एक १८९७ मध्ये कोलकात्यात उघडलं. पुढे स्कॉटलंड यार्डनेही हीच पद्धत घेतली. नाव मात्र झालं त्यांच्या साहेबांचं, एडवर्ड हेन्री यांचं.

त्याच्याही आधी, १८५८ मध्ये, बंगालमधल्या जंगीपूरला ब्रिटिश अधिकारी विल्यम हर्शेल यांनी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराचा अख्खा तळहात करारावर उमटवून घेतला होता. कोनाईने पुढे करार नाकारू नये, एवढाच हेतू. नंतर हर्शेल स्वतःचेही ठसे घेत राहिले. अर्धं शतक उलटलं, माणूस म्हातारा झाला, नक्षी तीच!

आता हात उलटा करा. पाठीवरच्या निळसर शिरा, बोटांच्या सांध्यांवरच्या सुरकुत्या, तीळ, व्रण, नखाच्या मुळाशी असलेली पांढरी कोर. चेहरा दिसत नसलेल्या गुन्हेगाराला निव्वळ हाताच्या फोटोवरून ओळखता यावं म्हणून ब्रिटिश शास्त्रज्ञ स्यू ब्लॅक यांनी याच खुणांचा अभ्यास केला. दोन्ही हातांचे फोटो शेजारी ठेवून पाहा: तुमच्याच उजव्या आणि डाव्या हातावरच्या शिरा वेगळ्या वाटांनी गेलेल्या दिसतील.

आणि तरीही रेशनच्या दुकानात एखाद्या बाईचा अंगठा 'जुळत नाही'. कांद्याची लावणी, द्राक्षबागेतली कामं, विटा-सिमेंट यांनी वरची कातडी झिजते, उंचवटे सपाट होतात. पण नक्षीचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं. काम थांबलं की काही आठवड्यांत तीच नक्षी, त्याच फाट्यांसह वर येते. तोवर डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून किंवा ओटीपीने ओळख पटवता येते आणि तो पर्याय त्या बाईला मिळायलाच हवा. तिची ओळख हातात शाबूत आहे. ती वाचायला कमी पडतो तो काचेखालचा कॅमेरा.