‘क्रिएटिनिन नॉर्मल’ म्हणजे किती नॉर्मल?

मधुमेह जडून दहा-बारा वर्षं झालेली माणसं वर्षातून एकदा रक्त तपासून घेतात. रिपोर्टवर क्रिएटिनिन 1.1 दिसतं, शेजारी छापलेल्या मर्यादेत बसतं आणि घरातले सगळे निर्धास्त होतात. मूत्रपिंडाचा आजार थोपवता येण्याजोगी वर्षं पुष्कळदा या निर्धास्तपणातच निघून जातात.

एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या टोकाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुंता असतो आणि त्यातून रक्त गाळलं जातं. दिवसाकाठी जवळपास 180 लिटर द्रव असा गाळून निघतो. त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर जातो. उरलेलं पाणी, साखर, क्षार शरीर परत घेतं. मात्र जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. गेला तो गेला.

मग त्यातले निम्मे गेले तरी माणसाला पत्ता का लागत नाही? टोळीतले चार मजूर निघून गेले की बाकीच्यांनी तेवढंच शेत उरकावं, तसं उरलेले नेफ्रॉन जास्तीचं काम उपसतात. त्यांच्यातला दाब वाढतो, गाळणं वाढतं, एकूण हिशेब जमून जातो. पण त्या वाढीव दाबानं गाळणीची नाजूक जाळी खराब होते, तिथे व्रण धरतात आणि कालपर्यंत धडधाकट असलेले नेफ्रॉनही निकामी होऊ लागतात. म्हणून हा आजार एका टप्प्यानंतर स्वतःच्याच जोरावर पुढे सरकतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब घातक ठरतात तेही बऱ्याच अंशी या दाबामुळेच.

क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये रोज तयार होणारा आणि मूत्रपिंडातून गाळला जाणारा टाकाऊ पदार्थ. ज्याच्या अंगात स्नायू कमी, त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी. त्यामुळे 1.1 हा आकडा पंचवीस वर्षांच्या तरुणाचा असेल तर त्याचं मूत्रपिंड मिनिटाला साधारण 95 मिलिलिटर गाळतंय असा अंदाज निघतो. तोच आकडा पासष्ट वर्षांच्या बाईंचा असेल तर अंदाज 56 च्या आसपास येतो. हा अंदाज म्हणजे ई-जीएफआर. तो तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार मानला जातो. रिपोर्टवर ई-जीएफआर छापलेला नसेल तर तो विचारून घ्यावा.

त्याहून लवकर इशारा देते ती लघवी. जाळी खराब होऊ लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन त्यातून झिरपतं, आणि हे पुष्कळदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी घडतं. लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्ब्युमिन सापडलं तर ती धोक्याची सूचना समजावी. मधुमेह्यांची ही तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी. सकाळची थोडी लघवी पुरते, तरीही ती राहून जाते, याची मला फार खंत वाटते.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही मूत्रपिंडाला महागात पडू शकतात. नेफ्रॉनकडे रक्त आणणारी वाहिनी रुंद ठेवणारी रसायनं या गोळ्या रोखतात. उन्हातान्हात काम करून किंवा जुलाबांनी शरीरातलं पाणी घटलेलं असताना त्या घेतल्या, तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं.

उरलेल्या नेफ्रॉनमधला वाढीव दाब उतरवणारी औषधं आता हाताशी आहेत. रामिप्रिल, टेल्मिसार्टन रक्तदाबाबरोबर नेफ्रॉनमधला दाबही कमी करतात. डापाग्लिफ्लोझिननंही आजाराचा वेग मंदावतो. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं. ते पाहून घाबरून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवावा.

ई-जीएफआर 15 च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो. तोवर रक्त वाढवणारं संप्रेरक कमी पडून रक्तक्षय झालेला असतो, ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम होत नसल्यानं हाडं ठिसूळ होत आलेली असतात. डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडून जो फिस्टुला करतात, तो वापरण्याजोगा व्हायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्यांनी कमी वापराच्या हाताच्या शिरा जपाव्यात आणि रक्त काढणाऱ्याला दुसऱ्या हाताच्या तळव्यामागची शीर घ्यायला सांगावं.